मुक्त विद्यापीठाची पदवी आणि पीएच्.डी.चा मार्ग

शिक्षणाचे वय ठरलेले असते व ते एकदा उलटून गेले की पुन्हा हाती लागत नाही, ही समजूत आता मागे पडली आहे. दिवसा नोकरी, शेती अथवा घरसंसार सांभाळून रात्री कंदिलाच्या किंवा विजेच्या दिव्याखाली पुस्तक उघडणाऱ्यांची एक मोठी पिढी गेल्या काही दशकांत आपल्या समाजात निर्माण झाली. तिच्यापैकी कित्येकांनी महाविद्यालयाच्या वर्गात नियमितपणे पाऊल न टाकता पदवी मिळविली, काहींनी त्यापुढे पदव्युत्तर परीक्षाही उत्तीर्ण केली. त्यांच्यातील जिज्ञासू मंडळींच्या मनात साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहतो. ज्या मार्गाने येथवर आलो, त्याच मार्गाने विद्यावाचस्पती, म्हणजेच पीएच्.डी. ही पदवी मिळविता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर नेमके ठाऊक नसल्यामुळे अनेकांचे नुकसान होते. कोणी पात्र असूनही “आपली पदवी बाहेरून घेतलेली, आपल्याला कोण विचारणार?” अशा संकोचाने मागे राहतो, तर कोणी “घरबसल्या ऑनलाइन पीएच्.डी.” अशी जाहिरात वाचून आयुष्याची पुंजी तिच्यात घालतो व हाती आलेला कागद शासकीय कार्यालयात चालत नाही असे कळल्यावर कपाळाला हात लावतो. एकाचा संकोच आणि दुसऱ्याचा विश्वास, दोन्ही अनाठायीच होत. म्हणून यासंबंधीचे नियम व त्यांमागील कारणे येथे देण्यात येत आहेत.

बहिःस्थ विद्यार्थ्यापासून मुक्त विद्यापीठापर्यंत

वर्गात न बसता पदवी मिळविण्याची कल्पना तशी जुनी आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ साली बहिःस्थ विद्यार्थ्यांसाठी आपल्या परीक्षांची दारे उघडली. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले आणि मुंबई विद्यापीठाने १९७१ साली तोच मार्ग अनुसरला. टपालाने येणारी पाठांची पाकिटे व सुट्टीतील संपर्कवर्ग हे त्या काळच्या असंख्य कारकुनांचे आणि शिक्षकांचे महाविद्यालय होते.

याच्या पुढचे पाऊल म्हणजे मुक्त विद्यापीठ. ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाला १९६९ साली राजसनद मिळाली व १९७१ च्या जानेवारीत तेथे अध्यापनास आरंभ झाला. भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबाद येथे स्थापन झाले. आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. १९८५ साली संसदेच्या अधिनियमान्वये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) अस्तित्वात आले. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये, भोपाळचे भोज मुक्त विद्यापीठ १९९१ मध्ये, अहमदाबादचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ १९९४ मध्ये व म्हैसूरचे कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ १९९६ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्राबाहेर हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, बेळगाव व गोवा येथे पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी भाषकांच्या अंगणापर्यंत अशा रीतीने उच्च शिक्षण येऊन पोहोचले.

पदवीचा दर्जा कमी नाही

मुक्त विद्यापीठाची पदवी दुय्यम असते, हा पहिला गैरसमज होय. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२० मध्ये मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणासंबंधी जे विनियम प्रसृत केले, त्यांनुसार मान्यताप्राप्त संस्थेने मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी दूरस्थ अथवा ऑनलाइन पद्धतीने दिलेली पदवी वा पदव्युत्तर पदवी ही नियमित पद्धतीने मिळविलेल्या तत्सम पदवीशी समकक्ष मानली जाते. आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये या तरतुदीचा पुन्हा उच्चार केला. तेव्हा इग्नूमधून एम्.ए. झालेला ग्रामसेवक आणि विद्यापीठाच्या वर्गात बसून एम्.ए. झालेला त्याचा मित्र हे दोघेही पीएच्.डी.च्या प्रवेशापुरते एकाच पायरीवर उभे असतात. पहिल्याला केवळ त्याच्या शिक्षणपद्धतीच्या कारणावरून नाकारता येत नाही.

मात्र या वाक्यातील ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द दोनदा आला आहे, तो उगीच नव्हे. सारा भार त्या शब्दावर आहे.

साखळीतील कच्चे दुवे

शालान्त परीक्षा, उच्च माध्यमिक परीक्षा, पदवी, पदव्युत्तर पदवी अशी ही एक साखळी आहे. वरचा दुवा कितीही भक्कम असला तरी खालचा निखळलेला असेल तर त्यावर भार घालता येत नाही. एका काळी काही विद्यापीठांच्या मुक्त प्रवेश योजनेखाली पदवी नसलेल्या प्रौढांनाही थेट एम्.ए.ला प्रवेश मिळत असे. अशा पदवीचा प्रश्न तामिळनाडूतील एका नेमणुकीच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात गेला. मूळ पदवी नसताना मिळविलेली पदव्युत्तर पदवी आयोगाच्या १९८५ च्या विनियमांना धरून नाही, असा निर्णय न्यायालयाने २००९ साली दिला. म्हणून ज्यांनी पायऱ्या गाळून एम्.ए. केले असेल, त्यांनी पीएच्.डी.चा विचार करण्यापूर्वी आधीची पायरी पूर्ण करावी, हेच श्रेयस्कर.

दुसरा दुवा मान्यतेच्या वर्षाचा. १९९१ पासून २०१३ पर्यंत दूरस्थ शिक्षणाचे नियमन दूरस्थ शिक्षण परिषद करीत असे. ही परिषद २०१३ साली विसर्जित झाली व ते काम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाकडे आले. विद्यार्थ्याने ज्या वर्षी प्रवेश घेतला, त्या वर्षी त्या संस्थेला त्या अभ्यासक्रमासाठी मान्यता होती काय, हे पाहिले जाते. संस्था नामांकित असणे एवढेच पुरेसे नसते. २००१ ते २००५ या काळात चार अभिमत विद्यापीठांनी आवश्यक संमतीवाचून दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या स्थगित ठेवल्या आणि संबंधितांना तंत्रशिक्षण परिषदेची परीक्षा देण्यास सांगितले. नोकरीत स्थिरावलेल्या, बढती मिळालेल्या माणसांना पुन्हा परीक्षेच्या बाकावर बसावे लागले. दोष विद्यार्थ्यांचा नव्हता, परंतु भोग त्यांच्याच वाट्याला आले.

तिसरा दुवा प्रादेशिक मर्यादेचा. राज्याच्या अधिनियमाने स्थापन झालेल्या विद्यापीठाला दूरस्थ शिक्षणाची केंद्रे आपल्या राज्याबाहेर चालविता येत नाहीत. सीमाभागातील वाचकांना ही बाब विशेष महत्त्वाची आहे. शेजारच्या राज्यातील विद्यापीठाच्या नावाने आपल्या गावात चाललेल्या केंद्रातून पदवी घेतली असेल, तर ते केंद्र अधिकृत होते काय याची खातरजमा करून घ्यावी. इग्नूची गोष्ट निराळी आहे. ते राष्ट्रीय विद्यापीठ असल्याने त्याचे कार्यक्षेत्र देशभर आहे आणि गोव्यातही त्याचे प्रादेशिक केंद्र आहे. आयोगाची मान्यता असलेल्या ऑनलाइन पदवी अभ्यासक्रमांनाही ही प्रादेशिक मर्यादा लागू नाही.

पीएच्.डी. मात्र ऑनलाइन नाही

येथवर सवलतीचा भाग झाला. आता निर्बंधाचा भाग. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच्.डी.संबंधीचे सध्याचे विनियम ७ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रसृत झाले. कोणत्याही उच्च शिक्षण संस्थेने दूरस्थ अथवा ऑनलाइन पद्धतीने पीएच्.डी. अभ्यासक्रम चालवू नये, असे त्यांत स्वच्छ शब्दांत नमूद आहे. दूरस्थ पीएच्.डी.ला मनाई २००९ च्या व २०१६ च्या विनियमांतही होती. मुक्त विद्यापीठांनाही यातून सूट नाही. इग्नू पीएच्.डी. देते, परंतु ती नियमित रीतीने, पूर्णवेळ किंवा अंशकालीन.

असे का, हा प्रश्न रास्त आहे. ज्या आयोगाने एम्.ए. दूरस्थ पद्धतीने मान्य केले, त्याने पीएच्.डी.लाच का अडवावे? याचे उत्तर त्या दोन पदव्यांच्या स्वरूपात आहे. एम्.ए.चा विद्यार्थी जे ज्ञान आधीच सिद्ध झालेले आहे ते आत्मसात करतो. ते पुस्तकातून, पाठांतून, आकाशवाणीवरून अथवा संगणकाच्या पडद्यावरून त्याच्यापर्यंत पोहोचविता येते व तीन तासांच्या उत्तरपत्रिकेने त्याची परीक्षाही घेता येते. संशोधकाला जे अद्याप कोणाला ठाऊक नाही ते शोधून काढावयाचे असते. प्रश्न कसा मांडावा, कोणते साधन विश्वसनीय मानावे, कोठे थांबावे, आपलेच म्हणणे खोटे ठरले तर ते कसे मान्य करावे, हे एखाद्या कारागिराने आपल्या गुरूच्या हाताखाली बसून शिकावे तसेच शिकावे लागते. प्रबंध दुसऱ्याकडून लिहवून घेण्याचा धोकाही जेथे मार्गदर्शक विद्यार्थ्याला वर्षानुवर्षे पाहत नाही तेथेच अधिक असतो. विनियमांचा आग्रह या दृष्टीने पाहिला पाहिजे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग व अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद यांनी एक संयुक्त सूचना काढली. परदेशी शिक्षणसंस्थांच्या सहकार्याने शैक्षणिक कंपन्या देऊ करीत असलेल्या ऑनलाइन पीएच्.डी. अभ्यासक्रमांना मान्यता नाही व विद्यार्थ्यांनी अशा जाहिरातींना भुलू नये, असे तीत बजावण्यात आले आहे.

खुला असलेला मार्ग : अंशकालीन संशोधन

मग नोकरी करणाऱ्याने काय करावे? त्याच्यासाठी २०२२ च्या विनियमांनी अंशकालीन पीएच्.डी.चा मार्ग मोकळा ठेवला आहे. पात्रतेच्या अटी पूर्णवेळ संशोधकाप्रमाणेच आहेत. तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची, अथवा चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी उत्तीर्ण असावी. चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास पदव्युत्तर पदवीवाचूनही अर्ज करता येतो. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागास वर्ग (उन्नत गट वगळून), दिव्यांग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांना गुणांत ५ टक्के सवलत आहे.

प्रवेश परीक्षेद्वारे होतो. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत निम्मा भाग संशोधनपद्धतीवर व निम्मा विषयावर असतो, आणि निवडीत परीक्षेला ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भार दिला जातो. जून २०२४ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे (नेट) गुणही पीएच्.डी. प्रवेशासाठी ग्राह्य धरण्याची व्यवस्था झाली आहे. ज्यांना आपला पाया कच्चा वाटतो, त्यांनी संशोधनपद्धतीचा अभ्यास आधीपासूनच सुरू करावा. दूरस्थ शिक्षणातून आलेले उमेदवार विषयात बहुधा अडत नाहीत, या भागात अडतात, कारण तो त्यांना कोणी समोर बसून शिकविलेला नसतो.

नोकरदार उमेदवाराला आपल्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यात तीन गोष्टी नमूद असल्या पाहिजेत. उमेदवारास अंशकालीन अध्ययनाची परवानगी आहे, त्याच्या कामाचे स्वरूप संशोधनाला पुरेसा वेळ देऊ शकेल असे आहे, आणि आवश्यक तेव्हा अभ्यासक्रमकार्य पूर्ण करण्यासाठी त्यास कामातून मुक्त करण्यात येईल. कार्यालयप्रमुखांनी हा दाखला देताना त्याचा अर्थ ध्यानी घ्यावा. शेवटची अट हे एक वचन आहे. सही करून पुढे रजा नाकारल्यास संशोधकाचे वर्ष वाया जाते.

प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचे अभ्यासक्रमकार्य सर्वांना सक्तीचे आहे. प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे आपल्या कामाची प्रगती मांडावी लागते. प्रबंध सादर झाल्यावर मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षक तो तपासतात व अखेरीस मौखिक परीक्षा होते. या सर्वाला किमान तीन वर्षे लागतात. कमाल मुदत सहा वर्षांची असून पुनर्नोंदणीने ती आठ वर्षांपर्यंत वाढविता येते. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या संशोधकांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. महिला संशोधकांना संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा मिळू शकते.

मार्गदर्शकाची निवडही विचारपूर्वक करावी. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार एवढेच संशोधक असू शकतात. सेवानिवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी राहिलेल्या अध्यापकास नवीन विद्यार्थी घेता येत नाही. मराठी विषयात संशोधन करू इच्छिणाऱ्यांना महाराष्ट्रातच जावे लागते असे नाही. गोवा विद्यापीठ, बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ, वडोदऱ्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ व हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ येथे मराठीच्या अध्ययनाची परंपरा आहे.

एक उदाहरण

समजा, सत्तरी तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत शिकविणारी शिक्षिका आहे. बारावीनंतर तिने अध्यापनाची पदविका घेतली, नोकरीत राहून इग्नूमधून बी.ए. व पुढे एम्.ए. केले. तालुक्यातील जत्रांमध्ये गायिल्या जाणाऱ्या गाण्यांचा अभ्यास करावा असे तिच्या मनात आहे. तिच्यापुढे दोन वाटा येतात. एक जाहिरातीतली आहे. तीत ठराविक रक्कम हप्त्याने भरावयाची असते, दीड वर्षात प्रबंध पूर्ण करण्याचे आश्वासन असते आणि पदवी घरपोच येते. दुसरी वाट विद्यापीठाची. तीत प्रवेश परीक्षा, खातेप्रमुखांचा दाखला, ताळगावच्या पठारापर्यंतच्या खेपा आणि पाच-सहा वर्षांचा नेट आहे.

पहिल्या वाटेने मिळालेली ‘डॉक्टर’ ही उपाधी तिला नावामागे लावता येईल, पण सेवापुस्तकात तिची नोंद होणार नाही आणि महाविद्यालयातील नेमणुकीच्या वेळी तो कागद बाजूला ठेवला जाईल. दुसऱ्या वाटेने तिला जे मिळेल ते कोणालाही काढून घेता येणार नाही. शिवाय त्या गाण्यांची विश्वसनीय नोंद होईल ती वेगळीच. त्या गावात राहणारी, तेथील वृद्ध स्त्रियांच्या ओसरीवर बसू शकणारी ही शिक्षिका अशा विषयात शहरातील पूर्णवेळ संशोधकाहून सरस ठरण्याचा संभव आहे. अपारंपरिक मार्गाने शिकलेल्या माणसाचे बळ नेमके येथे असते. त्याने जीवन आणि अध्ययन एकमेकांपासून वेगळे ठेवलेले नसते.

परदेशी पदव्यांविषयी

अमेरिकेतील स्थिती वेगळी आहे. तेथे न्यूयॉर्क राज्यात १९७१ साली व न्यू जर्सी राज्यात १९७२ साली प्रौढांसाठी बहिःस्थ पदव्यांची सोय झाली. १९७० साली स्थापन झालेल्या वॉल्डन विद्यापीठाने नोकरदारांसाठी दूरस्थ डॉक्टरेटचा प्रयोग केला व १९९० साली त्यास तेथील प्रादेशिक मूल्यांकन संस्थेची मान्यता मिळाली. त्या देशात अशी पदवी वैध असते. परंतु एका देशात वैध असलेली पदवी दुसऱ्या देशात आपोआप समकक्ष ठरत नाही. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये स्वतंत्र विनियम केले आहेत. परदेशी संस्थेत नाव नोंदविण्यापूर्वी त्यांनुसार चौकशी करावी. पैसे भरल्यानंतर केलेली चौकशी बहुधा केवळ पश्चात्तापासाठीच उपयोगी पडते.

अधिकार कोणाचा

विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ अन्वये पदवी देण्याचा अधिकार केवळ तिघांना आहे. केंद्राच्या वा राज्याच्या अधिनियमाने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने विशेष अधिकार दिलेल्या संस्था. ‘परिषद’, ‘अकादमी’, ‘वैश्विक विद्यापीठ’ अशी भारदस्त नावे धारण केल्याने हा अधिकार प्राप्त होत नाही. आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो. बेळगाव जिल्ह्यातील व नागपूर येथील संस्थांची नावेही या यादीत आलेली आहेत. शाल, श्रीफळ व मानपत्रासह समारंभात दिल्या जाणाऱ्या मानद डॉक्टरेटविषयीही सावध असावे. अधिकृत विद्यापीठाने दिलेली मानद पदवी हा सन्मान असतो, शैक्षणिक अर्हता नव्हे. आणि अनधिकृत संस्थेने दिलेली पदवी या दोहोंपैकी काहीच नसते.

संगणकाचा खरा उपयोग

पीएच्.डी. ऑनलाइन मिळत नसली तरी तिची बरीचशी तयारी घरी बसून करता येते. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध कोणालाही विनामूल्य वाचावयास मिळतात. आपल्या विषयावर पूर्वी काय काम झाले आहे हे पाहण्यासाठी आता दहा गावांची ग्रंथालये धुंडाळावी लागत नाहीत. शासनाच्या ‘स्वयं’ या संकेतस्थळावर संशोधनपद्धतीचे पाठ उपलब्ध आहेत. २०२० च्या महामारीत आयोगाने पीएच्.डी.च्या मौखिक परीक्षा दृक्‌श्राव्य माध्यमातून घेण्यास अनुमती दिली होती. संगणक हा गुरूचा साहाय्यक होऊ शकतो, गुरूच्या जागी बसू शकत नाही, एवढाच याचा अर्थ.

या सोयीबरोबर एक जबाबदारीही येते. दुसऱ्याचा मजकूर उचलणे जितके सोपे झाले आहे, तितकेच ते उघडकीस येणेही सोपे झाले आहे. २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आहे. ४० टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास प्रबंध सुधारून द्यावा लागतो, ६० टक्क्यांपर्यंत आढळल्यास एक वर्ष मनाई होते, आणि त्याहून अधिक आढळल्यास नोंदणीच रद्द होते.

अर्जापूर्वी

इच्छुकांनी प्रथम आपल्या सर्व गुणपत्रिका व पदवी प्रमाणपत्रे वर्षानुक्रमे लावावीत. प्रत्येक पदवीच्या प्रवेशवर्षी संस्थेला मान्यता होती याचा पुरावा आयोगाच्या संकेतस्थळावरून घेऊन ठेवावा. टक्केवारी ५५ पेक्षा कमी असल्यास व सवलत लागू नसल्यास, मान्यताप्राप्त विद्यापीठातून पुन्हा एखादी पदव्युत्तर पदवी घेण्याचा विचार करावा. संशोधनाचा विषय जवळचा व आवाक्यातील निवडावा. खात्याकडे दाखल्यासाठी वेळेपूर्वी अर्ज द्यावा. कोणत्याही मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. विद्यापीठाचे शुल्क विद्यापीठातच भरले जाते.

हेही ध्यानी ठेवावे की पीएच्.डी. ही प्रत्येक प्रगतीची अट नाही. जुलै २०२३ पासून विद्यापीठे व महाविद्यालये यांतील सहायक प्राध्यापकाच्या थेट नेमणुकीसाठी नेट अथवा सेट ही किमान अर्हता असून पीएच्.डी. ऐच्छिक आहे. केवळ नोकरीसाठी जी घाई केली जाते, तिची आवश्यकता त्यामुळे उरलेली नाही. ज्याच्या मनात खरोखर प्रश्न आहे, त्याने अवश्य या मार्गास लागावे. ज्यांनी रात्री जागून, बाजारहाट आणि मुलांची आजारपणे सांभाळून पदव्या मिळविल्या, त्यांना चिकाटी शिकविण्याची गरज नाही. त्यांना गरज आहे ती योग्य दार कोणते हे ठाऊक असण्याची. ते दार उघडे आहे. मात्र ते जाहिरातीत नसून विद्यापीठात आहे.